ड्रायरचा व्हेंट तुंबलाय? मशीनच्या मागून बाहेरच्या फ्लॅपपर्यंत घरच्या घरी साफ कसा करायचा

अमेरिका-कॅनडातल्या बहुतेक मराठी घरांत ड्रायर रोज नाहीतर दिवसाआड चालतोच, आणि लिंट (कपड्यांतून सुटणारा तंतूंचा भुगा) अडवणारा फिल्टर दर लोडला साफ करायचा हे सगळ्यांना माहिती असतं. पण मशीनच्या मागून निघून भिंतीतून नाहीतर छतातून बाहेर जाणारा जो 4 इंची पाइप असतो, म्हणजे व्हेंट, त्याच्याकडे घर घेतल्यापासून कुणी ढुंकूनही बघितलेलं नसतं. फिल्टर सगळा लिंट अडवत नाही, बारीक तंतू त्यातून निसटतात, पाइपमधल्या दमट हवेमुळे आतल्या भिंतीला चिकटतात, त्यावर पुढचा थर बसतो, आणि दोन-तीन वर्षांत पाइपचं तोंड अर्धं बुजतं. आपल्याकडे सुती कपडे, टॉवेल, दुलया, पोरांचे फ्लॅनेलचे पायजमे भरपूर, त्यामुळे लिंटही भरपूर.

हे काम मनावर घ्या असं मी सगळ्या ओळखीच्यांना सांगत असतो, कारण प्रश्न नुसत्या वीजबिलाचा नाहीये. लिंट म्हणजे सुका कापूसच, ठिणगीला वेळ लागत नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2008 ते 2010 चा जो हिशोब काढला होता, त्यात घरांमधल्या ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे 2,900 होत्या, त्यात साधारण 5 जीव जात होते आणि 100 जण जखमी होत होते, आणि सगळ्यात मोठं कारण, 34 टक्के, हे साफसफाई न करणं होतं. जानेवारीत या आगी सगळ्यात जास्त, कारण थंडीत ड्रायर सतत चालू असतो. शिवाय ड्रायर गॅसवर चालणारा असेल तर व्हेंट तुंबल्यावर कार्बन मोनॉक्साइड घरातच राहायची भीती असते, आणि त्याला ना वास ना रंग.

आधी खात्री करा की दुखणं व्हेंटचंच आहे

कपडे बाहेर काढल्यावर हात लावून बघा. कपडे चांगले गरम आहेत पण ओलसर आहेत, जीन्सचा कंबरपट्टा आणि हुडीची टोपी वाळलेलीच नाही, मशीनचा वरचा पत्रा नेहमीपेक्षा जास्त तापलाय, लाँड्री रूममध्ये दमट कोंदट वाटतंय किंवा काचेवर वाफ धरलीय, तर व्हेंटच. उष्णता तयार होतेय पण पाणी बाहेर जात नाहीये. एका मोठ्या लोडमधून दोन-तीन लिटर पाणी वाफ होऊन त्या पाइपमधून जायचं असतं, त्याला वाट नाही मिळाली तर ते परत कपड्यांतच.

कपडे गारच निघाले तर गोष्ट वेगळी. इलेक्ट्रिक ड्रायरला 240 व्होल्टचा जोडीचा ब्रेकर असतो, त्यातली एक बाजू गेली तर ड्रम फिरतो पण हीट येत नाही, म्हणून आधी ब्रेकर पूर्ण बंद करून परत चालू करून बघा. तरी गार असेल तर थर्मल फ्यूज (मशीन फार तापलं की उडणारा फ्यूज) उडालेला असू शकतो, आणि तो बऱ्याचदा व्हेंट तुंबल्यामुळेच उडतो, म्हणजे फ्यूज बदलून व्हेंट तसाच ठेवला तर महिन्याभरात पुन्हा तेच. तिसरी एक गंमत अशी की टाइम्ड ड्रायवर कपडे नीट वाळतात पण ऑटोवर सायकल लवकर संपते, तेव्हा ड्रमच्या आत फिल्टरजवळ ज्या दोन धातूच्या पट्ट्या असतात तो मॉइश्चर सेन्सर असतो, कपडे मऊ व्हायला ड्रायरमध्ये टाकतात त्या ड्रायर शीटच्या मेणचट थराने तो फसतो. कापसाला रबिंग अल्कोहोल लावून पुसून घ्या, संपलं काम.

पक्की परीक्षा बाहेर. ड्रायर चालू करा, घराच्या बाहेर जाऊन व्हेंटच्या तोंडाशी हात धरा. फ्लॅप पूर्ण उघडला पाहिजे आणि हेअर ड्रायर मध्यम स्पीडवर धरल्यासारखी जोरदार गरम हवा हाताला लागली पाहिजे. फ्लॅप नुसता थरथरतोय, हवा कोमट आणि मंद आहे, तर पाइप तुंबलाय. ही परीक्षा फुकट आहे आणि दोन मिनिटांची आहे, दर दोन-तीन महिन्यांनी करा म्हणजे कधी साफ करायचं हे कुणाला विचारावं लागत नाही.

पाइप कुठून कुठे जातो ते शोधा

ब्रश विकत घ्यायच्या आधी हे करायचं. जुन्या घरात लाँड्री बेसमेंटमध्ये असते आणि पाइप सहा-आठ फुटांत भिंतीबाहेर, हे सगळ्यात सोपं. नवीन टाउनहाउसमध्ये लाँड्री वरच्या मजल्यावर बेडरूमशेजारी असते आणि पाइप ॲटिकमधून छतावर निघतो, तिथे गोष्ट अवघड होते. बाहेर जाऊन घराला चक्कर मारा, प्लॅस्टिकच्या किंवा पत्र्याच्या तीन आडव्या पट्ट्या असलेलं किंवा छोट्या छपरासारखं तोंड दिसेल. बाथरूमच्या एक्झॉस्टचं तोंडही तसंच दिसतं, म्हणून ड्रायर चालू करून हवा कुठून येते ते बघूनच ठरवा.

लांबी मोजा, वळणं मोजा. अमेरिकेतल्या निवासी बांधकाम नियमात साधारण मर्यादा 35 फूट आहे, आणि प्रत्येक काटकोनी वळणाला त्यातून 5 फूट वजा करायचे, 45 अंशाच्या वळणाला अडीच फूट. म्हणजे तीन काटकोनी वळणं असतील तर सरळ पाइप 20 फुटांपेक्षा जास्त नको. तुमच्या ड्रायरच्या मॅन्युअलमध्ये वेगळा तक्ता असेल तर तो बघा. तुमचा पाइप या हिशोबात बसतच नसेल तर तो पुन्हा पुन्हा तुंबणारच, त्याला बूस्टर फॅन (पाइपमधली हवा पुढे ढकलणारा पंखा) लावणं किंवा रस्ता बदलणं एवढेच उपाय आहेत, नुसती सफाई करून तिथे काही होत नाही.

अपार्टमेंट किंवा कॉन्डोमध्ये राहत असाल तर भिंतीतल्या पाइपला हात लावायच्या आधी मॅनेजमेंटला लेखी विचारा. काही बिल्डिंगमध्ये भिंतीतला भाग असोसिएशनच्या जबाबदारीत येतो, काही ठिकाणी एकच शाफ्ट सगळ्या मजल्यांना असतो, त्यात आपला ब्रश घालणं बरोबर नाही. भाड्याच्या घरात घरमालकाला ईमेल टाका, फोनवर सांगून विषय सोडू नका.

सामान

होम डेपो, लोज किंवा ऑनलाइन कुठेही ड्रायर व्हेंट ब्रश किट मिळतो, लवचिक रॉड एकमेकांना जोडायचे आणि टोकाला गोल ब्रश. आपल्या पाइपच्या लांबीपेक्षा दोन-तीन फूट जास्त लांबीचा घ्या. त्याबरोबर कॉर्डलेस ड्रिल, व्हॅक्यूम (शॉप व्हॅक असेल तर उत्तम), क्लॅम्प सोडवायला स्क्रू ड्रायव्हर किंवा नट ड्रायव्हर, टॉर्च, मास्क, हातमोजे, एक जुनी चादर. आणि चांदीसारखा चकचकीत ॲल्युमिनियम फॉइल टेप. करड्या रंगाचा जो कापडी डक्ट टेप असतो तो नावाने डक्ट टेप असला तरी इथे चालत नाही, गरम हवेने त्याचा गोंद सुकतो आणि वर्षभरात सुटतो.

आता काम

इलेक्ट्रिक ड्रायर असेल तर ब्रेकर बंद करा, मग प्लग काढा. आधी ड्रायर बंद असून थंड झालाय ना बघा. गॅसचा असेल तर प्लग काढायचाच, वर गॅसच्या पाइपवरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, त्याची दांडी पाइपला आडवी आली की बंद. गॅसची लवचिक नळी आखूड असेल, जुनी असेल, किंवा मशीन ओढताना ती ताणली जातेय असं वाटलं तर थांबा आणि टेक्निशियनला बोलवा, तिथे धाडस करू नये. गॅसचा वास आला तर काही चालू-बंद न करता घराबाहेर पडा आणि बाहेरून गॅस कंपनीला फोन करा.

फ्लोअरवर चरे पडू नयेत म्हणून पुढच्या पायांखाली जुनी चादर किंवा पुठ्ठा सरकवा, आणि ड्रायर डावी बाजू थोडी, उजवी बाजू थोडी, असा हळूहळू पुढे घ्या. झटका देऊन ओढला तर मागचा पाइप फाटतो. वॉशरवर ड्रायर चढवलेला असेल तर एकट्याने ओढायचा नाही, दुसरा माणूस लागतोच.

मागे शिरायला जागा झाली की क्लॅम्प सैल करून पाइप दोन्हीकडून सोडवा, मशीनकडून आणि भिंतीकडून. हाच तो जोडपाइप. तो कशाचा आहे ते नीट बघा, कारण इथेच पुढचा निर्णय आहे. पांढरा प्लॅस्टिकचा नळीसारखा पाइप असेल तर साफ करत बसू नका, सरळ फेकून द्या, तो पेटतो. पातळ चांदीच्या कागदासारखा चुण्यांचा असेल तोही मी बदलायलाच सांगेन, त्याच्या प्रत्येक चुणीत लिंट अडकतो आणि जरा दाबला की चपटा होतो. त्याऐवजी जाड ॲल्युमिनियमचा सेमी-रिजिड पाइप घ्या, जमेल तेवढा आखूड, जास्तीत जास्त 8 फूट आणि एकच सलग तुकडा. किंमत फार नसते आणि निम्मं दुखणं त्यानेच जातं. मशीन आणि भिंत यात जागा अगदीच कमी असेल तर चपट्या चौकोनी नळीसारखा पेरिस्कोप व्हेंट मिळतो, तो बसवला की ड्रायर मागे ढकलताना पाइप चेंगरत नाही.

जोडपाइप बाजूला ठेवलात की मशीनच्या मागच्या गोल तोंडात टॉर्च मारा. तिथे करड्या नमद्यासारखा थर दिसेल, बोटाने धरला तर अख्खा पापुद्रा सुटून येतो, आणि त्यात साडीच्या फॉलचा धागा, लेकीच्या फ्रॉकवरची टिकली, सुटलेलं लेबल असलं काय काय गुंतलेलं असतं. हाताने निघेल तेवढं काढा, बाकी व्हॅक्यूमने. मग पुढे येऊन फिल्टर काढा आणि त्याच्या खाचेत व्हॅक्यूमची अरुंद नळी घाला, तिथेही खूप साचलेलं असतं. फिल्टरवर नळाचं पाणी सोडून बघा, पाणी जाळीवर तळ्यासारखं थांबलं तर ड्रायर शीटचा थर बसलाय, भांडी घासायचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन हलकेच घासा, धुवा, पूर्ण वाळू द्या.

आता बाहेर जा. तोंडावरची झाकणपट्टी स्क्रूने बसवलेली असेल तर काढून घ्या, नसेल तर फ्लॅप टेप लावून उघडे धरा. कुणीतरी पक्षी येऊ नये म्हणून बारीक जाळी लावलेली असेल तर ती काढून टाकायचीच. ड्रायरच्या तोंडाला जाळी लावायला नियमानेच बंदी आहे, कारण लिंट तिथेच अडकून चटईसारखा जमतो. वसंतात चिमण्या आणि स्टार्लिंग इथे घरटी करतात. घरट्यात अंडी किंवा पिल्लं दिसली तर हात लावू नका, अमेरिकेत मूळच्या तिथल्या पक्ष्यांच्या अशा घरट्यांना 1918 च्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे. तोवर ड्रायर बंद आणि कपडे दोरीवर, आणि जवळच्या वन्यजीव कार्यालयाला विचारून पुढचं ठरवा.

ब्रशचा भाग नीट वाचा, लोक इथेच अडकतात. रॉड एकमेकांत आटे फिरवून बसवतात. ड्रिल नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरवायचं, आत ढकलताना पण आणि बाहेर ओढताना पण. ब्रश अडकला म्हणून ड्रिल उलटं फिरवलं की जोड सुटतो आणि ब्रश भिंतीच्या आत राहतो, मग तो काढायला भिंत फोडायची वेळ येते. वरून प्रत्येक जोडावर साधा इलेक्ट्रिकल टेप दोन वेढे मारा. ड्रिल मंद गतीवर. आणि पाइपची एकूण लांबी मोजून रॉडवर त्या जागी रंगीत टेपची खूण करा, म्हणजे ब्रश तोंडाशी पोचल्याचं आत उभं राहून कळतं आणि बाहेरचा फ्लॅप तुटत नाही.

सुरुवात एका रॉडने करा. ब्रश फिरवत फूट-दोन फूट आत, मग फिरवतच बाहेर, लिंट व्हॅक्यूम करा, पुढचा रॉड जोडा, पुन्हा तसंच. एकदम वीस फूट ढकलायचं नाही, तसं केलं की सगळा लिंट पुढे सरकून वळणावर बूच बसतं. वळणाशी ब्रश जड जाईल, तिथे जोर न लावता मागे-पुढे करत राहा, तो लवचिक असल्याने वळतो. पाइप लांब असेल तर अर्धा आतून आणि अर्धा बाहेरून करा, बाहेरून करताना आतल्या टोकाला व्हॅक्यूम चालू ठेवा, नाहीतर लाँड्री रूमभर लिंट उडतो. निघणारा लिंट ओला लगद्यासारखा आला तर पाइप थंड ॲटिक किंवा क्रॉल स्पेसमधून (घराखालच्या बुटक्या पोकळीतून) जातोय आणि कुठेतरी खाली झोळ पडून त्यात पाणी साचतंय, तो झोळ आधार देऊन सरळ करून घ्यायला हवा. आणि ब्रश अचानक मोकळा पळायला लागला, नाहीतर लाकूड-इन्सुलेशनचे तुकडे यायला लागले, तर भिंतीतला पाइप जोडातून सुटलाय. तिथे थांबा, ते सुताराचं किंवा व्हेंटवाल्याचं काम आहे.

बरेच जण लीफ ब्लोअर लावून पाच मिनिटांत काम उरकतात. मला ते पटत नाही. वरवरचा सुटा लिंट उडतो, चिकटलेला थर तसाच राहतो, आणि पाइप आत सुटलेला असेल तर सगळा लिंट भिंतीच्या पोकळीत भरतो. ब्रश झाल्यावर शेवटी उरलासुरला भुगा उडवायला वापरा हवं तर.

शेवटी पाइपमध्ये टॉर्च मारून बघा, आतला पत्रा चमकला पाहिजे.

परत जोडताना

जोडपाइप दोन्हीकडे घट्ट बसवा, क्लॅम्प आवळा. कडक पाइपचे तुकडे जोडत असाल तर बारीक टोक हवेच्या दिशेला, म्हणजे बाहेरच्या बाजूला, म्हणजे लिंट शिवणीला अडत नाही. पाइपमध्ये लांब स्क्रू मारू नका, आत आलेल्या प्रत्येक टोकावर लिंट लटकतो. जोडांवर फॉइल टेप. गॅसचा ड्रायर असेल तर व्हॉल्व्ह उघडून नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर व्हॉल्व्ह परत बंद आणि टेक्निशियन.

मशीन मागे ढकलताना दुसऱ्याला बाजूने टॉर्च धरून बघायला सांगा. एवढी मेहनत करून शेवटच्या चार इंचात पाइप चेंगरला तर हवा पुन्हा अडलीच. भिंत आणि मशीन यात पाइपला श्वास घ्यायला जागा ठेवा, लाँड्री रूम थोडी ओबडधोबड दिसली तरी चालेल.

मग प्लग, ब्रेकर, आणि पहिली दहा मिनिटं हीटशिवाय, एअर फ्लफवर, रिकामा चालवा. उरलेला लिंट बाहेर पडेल. बाहेर जाऊन तीच हाताची परीक्षा. मग टॉवेलचा एक लोड नॉर्मलवर लावा, पाऊण तासाच्या आसपास वाळले पाहिजेत. सगळं करून हवा अजून मंदच असेल तर ब्रश पोचला नाही असं एखादं वळण राहिलंय, किंवा ड्रायरच्या आतच लिंट आहे.

छतावरचा व्हेंट, आणि माणूस कधी बोलवायचा

छतावर चढू नका. उतारावर, शिडीवर, एका हातात ड्रिल घेऊन हे काम करायचं नसतं. आतून जमेल तेवढं करा आणि वरच्या टोकासाठी माणूस बोलवा. अमेरिकेत चिमणी-सुरक्षेची जी राष्ट्रीय संस्था आहे, सीएसआयए, ती ड्रायर एक्झॉस्ट टेक्निशियनचं वेगळं प्रमाणपत्र देते, ते आहे का विचारा. कामाआधी आणि नंतर पाइपच्या आतला फोटो मागा, बाहेर स्वतः उभं राहून हवा तपासा, मगच पैसे द्या. एअर डक्ट आणि ड्रायर व्हेंट दोन्ही मिळून फारच स्वस्तात, अशा फोनवर येणाऱ्या ऑफरना मी तरी होकार देणार नाही.

किती वेळा? साधारण वर्षातून एकदा. घरात पाच-सहा माणसं, कुत्रा-मांजर, लहान बाळ असेल तर सहा महिन्यांनी. थंडी सुरू व्हायच्या आधी, ऑक्टोबरमध्ये केलेलं सगळ्यात बरं.

पुण्या-मुंबईत कंडेन्सर किंवा हीट पंपवाला ड्रायर घेतला असेल तर त्याला बाहेर जाणारा पाइपच नसतो. तिथे दर लोडला फिल्टर, आणि कंडेन्सर बाहेर निघणारा असेल तर मॅन्युअलप्रमाणे तो नळाखाली धुवायचा. पण खिडकीतून नळी बाहेर सोडलेला व्हेंटवाला ड्रायर असेल तर ही सगळी भानगड तुम्हालाही आहेच, फक्त नळी छोटी असल्याने अर्ध्या तासात होते.

एक गोष्ट आपल्या घरांसाठी मुद्दाम लिहितो. दिवाळीत चकल्या-शेव तळताना तेल पुसलेले नॅपकिन, बाळाच्या मालिशचे टॉवेल, तेल लावलेल्या डोक्याचे उशीचे अभ्रे, हे धुतल्यावरसुद्धा त्यात तेल राहतं. खाद्यतेल उष्णतेत हवेशी क्रिया करून स्वतः तापत जातं, आणि ड्रायरमधून काढून गरमगरम गठ्ठा करून ठेवलेले असे कपडे नंतर आपोआप पेटू शकतात, व्हेंट कितीही साफ असला तरी. असले कपडे दोरीवरच वाळवा. बाकीच्या लोडलाही शेवटचा थंड हवेचा टप्पा पूर्ण होऊ द्या, मध्येच दार उघडून मशीन बंद करू नका, आणि ड्रायर लावून झोपायला किंवा बाहेर जाऊ नका.